फ्री ट्रायल संपायच्या आत ब्रॉडबँड बंद करायला सांगितलं, तरी तीन महिन्यांचं बिल आलंय. भरून मोकळं व्हावं का?

भरू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण आज रात्री कोणाच्या दबावाखाली भरू नका.

तुम्ही लिहिलंय की महिना संपायच्या आत कस्टमर केअरला फोन केला, राउटर न्यायला कोणी आलं नाही, आता वसुलीवाल्याचे फोन येऊ लागलेत, सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर डाग लागायची भीती घालायलेत आणि घरचे म्हणायलेत की भरून टाक, कटकट नको. ते शेवटचं वाचून मी लिहायला बसलो. आमच्या घरी हेच झालं आणि त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आम्ही अहमदपूरचे. चौकात छत्री लावून कंपनीची पोरं बसली होती, एक महिना फुकट, राउटर फुकट, फक्त हजार रुपये डिपॉझिट आणि तेही परत मिळणार. पोरीची दहावीची परीक्षा झाली होती, सुट्टीत नीटच्या फाउंडेशनचे ऑनलाइन क्लास होते आणि मोबाईलच्या नेटवर ते सारखे अडकायचे, म्हणून घेतलं. घर आप्पांच्या नावावर, लाइट बिल त्यांच्या नावावर, म्हणून केवायसी पण त्यांच्याच आधारवर आणि मोबाईल नंबर पण त्यांचाच. पुढं पोरीचं अकरावीला लातूरला ठरलं, होस्टेल बघितलं, मग घरी त्या नेटचं काय काम? महिना भरायच्या आत मी फोन केला, बंद करा म्हणलं, डॉकेट नंबरचा, म्हणजे तक्रार क्रमांकाचा मेसेज आला, राउटर डब्यात घालून कपाटावर ठेवला.

आणि तरी बिल आलं. मग दुसरं. मग तीन महिन्यांचं मिळून जीएसटीसकट २१२४ रुपये. लाइनमनला विचारलं तर तो खरं बोलला, म्हणला भाऊ, राउटर जमा झाल्याची एंट्री पडल्याशिवाय खातं बंद होत नाही, आणि राउटर उचलायचं काम कोणाला दिलेलंच नाही. म्हणजे माणूस बंद करा म्हणला तरी सिस्टीम त्याला पोस्टपेड गिऱ्हाईक समजून दर महिन्याला बिल काढत बसते. जोडणाऱ्या पोराला कमिशन असतं, तोडणाऱ्याला काहीच नसतं.

वसुलीवाल्यानं मला फोन केला असता तर मी बघून घेतलं असतं. त्यानं आप्पांना केला. सत्तरी ओलांडलेला माणूस, सोसायटीचं पीक कर्ज दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरणार म्हणजे भरणार, दुष्काळाच्या साली सुद्धा आईचं सोनं गहाण ठेवून भरलं, आणि त्यांना कोणीतरी पोरगं फोनवर सांगतंय की काका तुमच्यावर केस होणार, घरी पोलीस येतील, उद्या बँक दारात उभं करणार नाही. आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मी सांगितलं की नेटचं थकलेलं बिल हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस येत नसतेत, पण त्यांच्या डोक्यातून ते जाईना.

तेवढ्यात राखीला बहीण आणि दाजी आले. दाजी अडीअडचणीला धावून येणारे आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला न विचारता आप्पांच्या समोर फोनपेवरून २१२४ रुपये भरून टाकले. वर मला म्हणले, दोन हजारासाठी म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लावायलास, शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये का. सगळ्यांसमोर.

पुढच्या महिन्यात ७०८ चं नवीन बिल आलं. कस्टमर केअरची मुलगी म्हणली, सर तुमचं पेमेंट आलेलं आहे म्हणजे तुम्ही सर्व्हिस कंटिन्यू केली आहे. हे नीट वाचा. जे बिल आपण मान्यच करत नव्हतो ते भरल्याबरोबर कंपनीच्या दृष्टीनं आपण ट्रायल संपल्यावर प्लॅन घेतला असं झालं, आणि माझा डॉकेट नंबर, माझा मेसेज, सगळं मागं पडलं. आधी जी बाजू सरळ होती ती दाजींच्या एका पेमेंटनं वाकडी झाली.

मग मी काय केलं ते सांगतो. फोनवर भांडणं बंद केलं आणि सगळं ईमेलवर घेतलं. पहिली मागणी ही की ट्रायल संपल्यापासून किती डेटा वापरला ते लेखी द्या. त्यांच्याच रेकॉर्डमधे शून्य निघालं. तुम्ही पण हेच आधी मागा, कारण मी असं म्हणलो, तुम्ही तसं म्हणलात ह्याच्यात माणूस हरतो, डब्यात बंद असलेला राउटर हरत नाही. दुसरं, कस्टमर केअरच्या वर कंपनीतच अपिलेट अथॉरिटी म्हणून असते, ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२ च्या नियमानं ठेवावीच लागते. तक्रार निकाली काढल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांत तिकडं अपील करायचं, फी नाही, आणि ३९ दिवसांत त्यांनी निर्णय द्यायचा असतो. कॉल सेंटरवाले हे नाव स्वतःहून कधीच सांगत नाहीत, कंपनीच्या वेबसाइटवर शोधावं लागतं. सरळ ट्रायला लिहून उपयोग नाही, एकेकट्या गिऱ्हाईकाचा वाद ते मिटवत नाहीत.

अपिलात ७०८ चं बिल रद्द झालं, डिपॉझिट परत आलं. पण दाजींनी भरलेले पैसे? ते तुम्ही स्वखुशीनं भरलेत म्हणले. त्यासाठी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी तक्रार टाकावी लागली आणि मग कुठं ते आले. मी ते सगळे पैसे दाजींच्या हातात नेऊन दिले. तर ते म्हणतेत, बघ आले ना परत, मग मी भरले तर काय बिघडलं. ह्याला काय उत्तर द्यायचं! जे बिघडलं ते निस्तरायलाच तर एवढी सगळी लिखापढी करावी लागली.

कोणी म्हणेल टेलिफोनवाल्यांच्या विरोधात ग्राहक कोर्टात जाता येत नाही. ते जुनं झालं, २००९ च्या निकालामुळं तशी अडचण होती, पण फेब्रुवारी २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं साफ सांगितलं की जाता येतं. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आमच्यासारख्याला लातूर, कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. शिवाय नोव्हेंबर २०२३ मधे केंद्रानं डार्क पॅटर्नचे, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवून अडकवणाऱ्या युक्त्यांविरुद्धचे नियम काढलेत, १३ प्रकार आहेत, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे, म्हणजे बंद करणं मुद्दाम किचकट करून ठेवणं किंवा फुकट गोष्टीसाठी आधीच ऑटोडेबिटची परवानगी घेणं. अपिलात हे नाव घालून लिहा, उत्तराची भाषा बदलते. आणि तुम्ही ऑटोपे दिलेलं असेल तर ते आधी तुमच्या यूपीआय ॲपमधून किंवा बँकेतून बंद करा, नाहीतर वाद चालू असताना पैसे आपोआप जातील.

सिबिलचं विचारलंत तर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघा. त्यात ह्या बिलाची नोंद दिसलीच तर तिथंच डिस्प्यूट टाकता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. फोनवरच्या पोराच्या शब्दावर जाऊ नका.

हां, एक सांगायचं राहिलं. ट्रायलनंतर तुमच्या घरात कोणी थोडे दिवस का होईना नेट वापरलं असेल तर तेवढ्याचे पैसे द्यावे लागतील, आणि द्यायलाच पाहिजेत. तिथं भांडू नका. आणि कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, अपील त्याच्याच नावानं आणि सहीनं जाऊ द्या, माझं पहिलं पत्र परत आलं, ते माझ्या नावानं गेलं असं त्यांनी कारण दाखवलं होतं. राउटर परत देताना सीरियल नंबर घातलेली पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

घरचे ऐकत नसतील तर त्यांना एवढंच दाखवा की भरल्यानं मिटत असतं तर आम्हाला ७०८ चं बिल आलंच नसतं. दाजींना मी हे कितीदा सांगितलं, त्यांना पटत नाही. तुम्ही मात्र आजच ईमेल टाका, ३० दिवस बघता बघता जातेत.