ऑलिम्पिकला कोणता फुटबॉल संघ जातो, आणि त्याच्या पदकाला किती मोल द्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला फ्रान्स-स्पेन फुटबॉलचा अंतिम सामना पाहिला. त्यात एम्बापे नव्हता, यमाल नव्हता, पण ३३ वर्षांचा लाकाझेत मात्र फ्रान्सचा कर्णधार होता. मग हा २३ वर्षांखालचा संघ कसा? आणि देशाचे सगळ्यात चांगले खेळाडू आलेच नसतील, तर हे दुय्यम संघाचं पदक नाही का? मी ही स्पर्धा बरीच वर्षं पात्रता फेऱ्यांपासून बघत आलोय आणि मला ती मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वयाचं. ऑलिम्पिकच्या वर्षी १ जानेवारीला ज्याला २३ पूर्ण होऊन गेलेली नाहीत, तो चालतो. पॅरिससाठी जन्मतारीख १ जानेवारी २००१ किंवा त्यानंतरची हवी होती. म्हणजे प्रत्यक्ष स्पर्धेत साडेतेवीस वर्षांचा मुलगाही खेळू शकतो. २०२० चं टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा १ जानेवारी १९९७ हीच तारीख कायम ठेवली होती, त्यामुळे तिथे २४ वर्षांचे खेळाडू दिसले. याशिवाय प्रत्येक संघाला वयाची अट नसलेले तीन खेळाडू घेता येतात. लाकाझेत त्या तिघांतला. महिलांच्या स्पर्धेत वयाची अट नाही, तिथे देशाचा मुख्य संघच उतरतो; खाली लिहिलंय ते सगळं पुरुषांच्या स्पर्धेबद्दल आहे.

हा नियम आला कुठून? ऑलिम्पिकमध्ये पूर्वी फक्त हौशी खेळाडू चालत. पूर्व युरोपातले खेळाडू कागदोपत्री सैन्यात किंवा सरकारी नोकरीत असत, त्यामुळे तिथले देश आपला मुख्य संघच पाठवत. १९५२ ते १९८० या काळातलं प्रत्येक सुवर्ण पूर्व युरोपात गेलं: हंगेरी तीनदा, आणि सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, पोलंड, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया एकेकदा. १९८४ पासून व्यावसायिकांना दार उघडलं, पण युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघांत विश्वचषक खेळलेल्यांना मनाई होती. १९९२ ला २३ वर्षांची अट आली आणि १९९६ ला तीन मोठ्यांची सूट. ऑलिम्पिकवाल्यांना नावाजलेले चेहरे हवे होते, फिफाला विश्वचषकाला प्रतिस्पर्धी नको होता. त्यातून ही तडजोड निघाली.

इथवरचं कुठेही वाचायला मिळतं. ही स्पर्धा खरी समजते ती पुढच्या एका गोष्टीवरून: पुरुषांची ऑलिम्पिक स्पर्धा फिफाच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात नाही. विश्वचषक असो की त्याचे पात्रता सामने, देशानं बोलावलं की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. ऑलिम्पिकसाठी असं बंधन नाही. क्लबनं नाही म्हटलं की विषय संपला. एम्बापेला पॅरिसला खेळायचं होतं, स्वतःच्याच शहरात. त्याच्या क्लबनं, रेआल माद्रिदनं, सोडलं नाही.

ही सक्ती आहे की नाही, याचा निकाल लागला तो २००८ साली. बीजिंगला मेस्सीला जायचं होतं आणि त्याच्या क्लबला, बार्सिलोनाला, तो हवा होता. शाल्के आणि वेर्डर ब्रेमेन या जर्मन क्लबांचंही आपापल्या ब्राझिली खेळाडूंवरून, राफिन्या आणि दिएगोवरून, तेच भांडण होतं. फिफाचं म्हणणं होतं की २३ वर्षांखालच्या खेळाडूंना सोडणं बंधनकारक आहे. क्लब क्रीडा लवादाकडे गेले आणि ६ ऑगस्टला लवादानं क्लबांच्या बाजूनं निकाल दिला: स्पर्धा वेळापत्रकात नाही, सबब सक्ती नाही. अर्जेंटिनाचा पहिला सामना ७ ऑगस्टला होता! मेस्सी चीनमध्ये पोचलेला, आणि कायद्यानं त्याला परत बोलावता आलं असतं. बार्सिलोनाचा नवा प्रशिक्षक होता पेप ग्वार्दिओला, जो १९९२ ला स्पेनकडून याच स्पर्धेत सुवर्ण जिंकला होता. त्यानं मेस्सीला राहू दिलं. दुसऱ्या दिवशी आयव्हरी कोस्टविरुद्ध मेस्सीनं गोल केला, उपांत्य फेरीत अर्जेंटिनानं ब्राझीलला ३-० हरवलं आणि अंतिम सामन्यात दि मारियाच्या गोलवर नायजेरियाला. मला या सगळ्या प्रकरणात ग्वार्दिओलाचा निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. हक्क हातात असताना त्यानं तो वापरला नाही, कारण त्या पदकाची किंमत त्याला ठाऊक होती.

क्लबांना खलनायक ठरवू नका, एवढंही सांगतो. पगार ते देतात, आणि ऑलिम्पिक येतं ते नेमकं नव्या मोसमाच्या तयारीत. बार्सिलोना आणि स्पेनच्या पेद्रीचं बघा. २०२०-२१ च्या मोसमात क्लब, युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) आणि लगेच टोकियो असं करत तो ७० हून अधिक सामने खेळला, आणि पुढचा मोसम बराचसा दुखापतीत गेला. त्यावेळी तो अठरा वर्षांचा होता. कुठल्याही क्लबचा जीव घाबरा होणारच.

आता प्रशिक्षकाच्या जागी बसून बघा. यादी अवघ्या अठरा जणांची, दोन-तीन दिवसांआड सामना, अंतिम फेरीपर्यंत सहा सामने, आणि कोण येणार हे शेवटच्या आठवड्यापर्यंत नक्की नाही. शिवाय दर चार वर्षांनी संघ जवळजवळ पूर्ण बदलतो; वयच निघून जातं. युरोपात तर २३ वर्षांखालचा संघ एरवी अस्तित्वातच नसतो. तिथे ऑलिम्पिकची जागा आदल्या वर्षीच्या २१ वर्षांखालच्या युरो स्पर्धेतून मिळते. त्यामुळे जागा मिळवणारी पोरं एक आणि प्रत्यक्ष जाणारी दुसरीच, असंही होतं. २०२३ ची ती स्पर्धा इंग्लंडनं जिंकली, पण ऑलिम्पिकमध्ये इंग्लंड नावाचा संघच नसतो, ग्रेट ब्रिटन असतो. म्हणून युरोपच्या तीन जागा स्पेन, इस्राएल आणि युक्रेनला गेल्या. फ्रान्स यजमान म्हणून होताच.

एवढ्या अडचणींत जिंकतं कोण? माझं मत असं की सहसा जिंकतात ती एकमेकांना आधीपासून ओळखणारी पोरं. पॅरिसचा स्पेन बघा. वयाची अट नसलेल्या तीन जागा त्यांनी कोणाला दिल्या? आबेल रुइझ, हुआन मिरांदा, सेर्हिओ गोमेझ. तिघेही २००० साली जन्मलेले, म्हणजे अट थोडक्यात हुकलेले! प्रशिक्षक सान्ती देनिया. याच देनियाच्या हाताखाली हे तिघे २०१७ साली १७ वर्षांखालचा युरो जिंकले होते, आणि २०२३ ला २१ वर्षांखालच्या स्पर्धेतही तेच तिघे आणि तोच प्रशिक्षक होता. दुसरा कोणी असता तर नावाजलेले तीन बुजुर्ग शोधत फिरला असता. देनियानं सात वर्षांची ओळख घेतली. अंतिम सामन्यात स्पेन ३-१ पुढे होता, फ्रान्सनं भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ३-३ केलं, सगळं स्टेडियम यजमानांच्या मागे. अशा वेळी कच्चा संघ कोसळतो. स्पेननं जादा वेळेत कामेयोच्या दोन गोलांवर ५-३ नं सामना काढला.

अर्जेंटिनाच्या २००८ च्या संघाचीही हीच गोष्ट. २००५ आणि २००७ चे २० वर्षांखालचे विश्वचषक त्यांनी जिंकले होते आणि त्या दोन तुकड्यांतली पोरंच बीजिंगला होती: मेस्सी, आग्वेरो, दि मारिया, गागो, झाबालेता, रोमेरो. मोठ्या तिघांत रिकेल्मे आणि माशेरानो. माशेरानो २००४ च्या सुवर्णविजेत्या संघातही होता. त्या वर्षी अथेन्सला अर्जेंटिनानं अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता.

मेक्सिकोचं २०१२ चं सुवर्ण मला या सगळ्यांत जास्त प्रिय आहे. त्यांचे बहुतेक खेळाडू स्वदेशी लीगमध्येच खेळणारे, त्यामुळे क्लबांकडून ते मिळाले. प्रशिक्षक तेना यांच्यासोबत हा संघ २०११ ला पॅन-अमेरिकन स्पर्धेचं सुवर्ण आणि २०१२ ला फ्रान्समधली तुलाँची युवा स्पर्धा जिंकून लंडनला आला. मोठे तिघे कसे निवडले तेही बघण्यासारखं आहे: गोलरक्षक कोरोना, अनुभवी साल्सिदो आणि पुढे पेराल्टा. मागे, मध्ये, पुढे एकेक खांब. परदेशात खेळणारा त्यांचा मोठा चेहरा जिओवानी दोस सांतोस जखमी होऊन अंतिम सामन्याला मुकला. समोर ब्राझील: नेमार, ऑस्कर, थियागो सिल्वा, मार्सेलो. वेम्बलीवर पहिल्या अर्ध्या मिनिटातच पेराल्टानं गोल मारला, नंतर आणखी एक, आणि मेक्सिको २-१ नं जिंकला.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं उदाहरण त्याच स्पर्धेत आहे, ते लपवणार नाही. २०१२ चा स्पेन. प्रशिक्षक मिया यांच्यासोबत यातली बरीच पोरं २०११ ला २१ वर्षांखालचा युरो जिंकलेली. दे हेआ, कोके, इस्को, वर नुकताच मुख्य युरो जिंकून आलेले माता, आल्बा, हावी मार्तिनेझ. जपानकडून ०-१, होंडुरासकडून ०-१, मोरोक्कोशी ०-०. तीन सामन्यांत एकही गोल नाही आणि गटातच बाहेर. एवढ्या छोट्या स्पर्धेत पहिला सामना घसरला की सावरायला वेळच मिळत नाही, हे माझं त्यावरचं उत्तर. पण ते पूर्ण उत्तर आहे असा दावा नाही.

दुय्यम पदक म्हणण्याआधी काही देशांकडेही बघा. १९९६ ला नायजेरियानं उपांत्य फेरीत ब्राझीलला गाठलं. ब्राझीलकडे रोनाल्डो, रिव्हाल्डो, बेबेतो, रॉबर्टो कार्लोस. १-३ मागे असताना नायजेरियानं बरोबरी केली आणि कानूनं सुवर्णगोल (जादा वेळेतला पहिला गोल, तिथेच सामना संपायचा) मारून ४-३ नं जिंकलं. मग अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ३-२. आफ्रिकेचं फुटबॉलमधलं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण, आणि चारच वर्षांनी कॅमेरूननं स्पेनला पेनल्टीवर हरवून दुसरं आणलं. ज्या खंडाचा संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कधी पोचलेला नाही, त्याच्यासाठी ही पदकं दुय्यम कशी असतील? दक्षिण कोरियात तर ऑलिम्पिक पदक मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. २०१२ च्या कांस्यपदकाच्या लढतीत कोरियानं जपानला २-० हरवलं, तेव्हा त्या पोरांच्या पायात कारकिर्दीची दोन वर्षं अडकलेली होती.

आणि ब्राझील! पाच विश्वचषक जिंकलेल्या देशाकडे २०१६ पर्यंत हे सुवर्ण नव्हतं. त्या वर्षी नेमारला कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) आणि ऑलिम्पिक दोन्ही खेळू द्यायला बार्सिलोना तयार नव्हतं, तेव्हा ब्राझीलनं ऑलिम्पिक निवडलं. गोलरक्षक प्रास जखमी झाला म्हणून ऐनवेळी वेव्हर्टनला बोलावलं. माराकानावर जर्मनीशी १-१, पेनल्टी. वेव्हर्टननं जर्मनीच्या पीटरसनची पेनल्टी अडवली, शेवटची नेमारनं मारली आणि तिथेच गुडघ्यावर बसून रडला.

तेव्हा हे पदक मोजा, पण विश्वचषकाच्या मापानं नको. सगळ्यात भारी खेळाडू कोणत्या देशाकडे आहेत हे त्यातून कळत नाही. कोणाच्या युवा संघांची बांधणी पक्की आहे आणि कोणाचा संघटनेशी, क्लबांशी संवाद चांगला आहे, हे बऱ्यापैकी कळतं.

लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये पुरुषांचे संघ १६ वरून १२ वर येणार आहेत (महिलांचे १६ होतील), म्हणजे पात्रता आणखी अवघड. वयाचा नियम हाच राहिला तर तारीख असेल १ जानेवारी २००५. यमाल २००७ चा, त्यामुळे वयात बसतो. पॅरिसला सतराव्या वर्षी सुवर्ण जिंकलेला कुबार्सीही पुन्हा बसतो. ब्राझीलचे एन्द्रिक, एस्तेव्हाव हेही. यातलं कोण दिसेल हे तेव्हाचे क्लब ठरवतील. स्पेनला त्याआधी २०२७ ला अल्बानिया आणि सर्बियात होणाऱ्या २१ वर्षांखालच्या युरोतून जागा मिळवावी लागेल. वेळ मिळाला तर ती स्पर्धा नक्की बघा; एका वर्षानंतर यादी जाहीर होईल तेव्हा कोण आलं, कोणाला क्लबनं अडवलं आणि त्या तीन जागा कोणाला दिल्या, हे तुम्हाला माझ्याशिवाय वाचता येईल.