तारखा आल्या, वेळ कुठे गेली?

प्रश्न : ओरॅकल डेटाबेसमधला जुना डेटा सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) काढून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टाकला. एरर एकही नाही, रो काउंट पण जुळला. पण आता सगळ्या ऑर्डरींची वेळ 00:00 दिसतेय आणि काही कस्टमरांचा जन्म चक्क 2062 सालचा झालाय! पोस्टग्रेसचं काही सेटिंग राहिलंय का?

उत्तर : सेटिंग नाही हो, माल निघतानाच सांडलाय. ओरॅकलच्या कॉलमचं नाव डेट असलं तरी त्यात सेकंदापर्यंत वेळ असते, फक्त दाखवताना डिफॉल्ट फॉरमॅट दिवस, महिन्याचं नाव आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे एवढंच दाखवतो. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून बघा (एक्सेलमध्ये नको, ते तारखांना आपला हात लावतं), 14-मार्च-62 असलंच काहीतरी असणार. हे 62 ओरॅकलने त्याच फॉरमॅटने परत वाचलं तर 1962 धरतं, कारण त्याच्याकडे सध्या 50 ते 99 म्हणजे मागचं शतक, पण पोस्टग्रेसची रेघ 70 वर, त्यामुळे 62 म्हणजे 2062.

आता अपडेट मारून 100 वर्षं वजा करायच्या भानगडीत पडू नका, वेळ तर तशीही परत येणार नाही. जुना सर्व्हर चालू असेल तर एक्सपोर्ट पुन्हा काढा, टू-कॅर (तारीख हव्या त्या फॉरमॅटमध्ये लिहून देणारं ओरॅकलचं फंक्शन) वापरून, वर्ष चार आकडी आणि तास 24 च्या हिशेबात. आणि मिनिटांसाठी एमआय, एमएम नाही! एमएम म्हणजे महिना, तो दोनदा लिहिला तरी एक्सपोर्ट काही बोलत नाही, मग मार्चमधली प्रत्येक ऑर्डर 9:03, 14:03, 18:03 अशी दिसते. मी स्वतः हे करून बसलोय, अर्धा दिवस गेला.

पोस्टग्रेसमध्ये डेट टाइप फक्त तारीख ठेवतो, म्हणून ऑर्डरच्या कॉलमला टाइमस्टॅम्प द्या, तोही टाइमझोन नसलेला, कारण ओरॅकलच्या डेटमध्ये झोन नसतोच. जन्मतारखेला डेट चालेल. कुठल्या कॉलमला काय, हे अंदाजाने ठरवू नका, ओरॅकलमध्येच ट्रंक केलेली (म्हणजे वेळ छाटलेली) तारीख मूळ तारखेपेक्षा वेगळी निघणाऱ्या रो मोजा. शून्य आल्या तर त्या कॉलममध्ये वेळ कधी भरलीच नव्हती. लोड झाल्यावर हाच आकडा पोस्टग्रेसमध्ये काढा, सोबत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख, नुसत्या रो काउंटवर जाऊ नका.

प्रश्न : मायएसक्यूएलमधल्या 0000-00-00 तारखा पोस्टग्रेस घेत नाही. 1970-01-01 टाकू का?

उत्तर : नको! नल (म्हणजे रिकामं) टाका, कॉलमवर नॉट नल (रिकामं चालणार नाही अशी अट) असेल तर ते काढा. 1970 टाकलंत की पुढे खरी तारीख कुठली आणि भरतीची कुठली, तुम्हालाच सांगता येणार नाही.