ते गाव नव्हतं, पण ती जहाजं होती

प्रश्न : ताई, माझा नातू दहा वर्षांचा आहे. सुट्टीत आमच्याकडे आला की ॲस्टेरिक्सची चित्रपुस्तकं घेऊन झोपाळ्यावर बसतो आणि एकटाच खदाखदा हसतो. परवा त्यानं विचारलं, ‘आजोबा, रोमनांनी सगळा गॉल देश जिंकला आणि समुद्राकाठचं हे एकच गाव त्यांना शरण गेलं नाही, हे खरं ना?’ मी म्हटलं, ‘नाही रे बाळा, गोष्ट आहे ती.’ तेव्हापासून पुस्तक मिटलेलंच आहे. मी खोटं सांगायला हवं होतं का? – एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, खोटं सांगितलं नाहीत ते फार चांगलं केलंत. पण तुमचं उत्तर अर्ध्यावर थांबलं. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ‘हे खरं का?’ असं विचारणाऱ्या मुलाला नुसत्या ‘नाही’वर सोडलं, तर ते पुन्हा विचारायला येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून उरलेलं अर्धं उत्तर आजच त्याला सांगा.

रने गोसिनी यांनी लिहिलेली आणि अल्बेर युदेर्झो यांनी चितारलेली ही मालिका १९५९ साली एका फ्रेंच साप्ताहिकात सुरू झाली. गोष्टीतला गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, आणि काळ इसवी सनपूर्व ५०चा. त्याच्या दोनच वर्षं आधी, इ.स.पू. ५२ मध्ये, गॉलांचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स अलेसियाच्या वेढ्यात हरला आणि ज्युलियस सीझरला शरण गेला. हे सगळं खरं आहे. नावातलं ते शेवटचं ‘रिक्स’ही खरं आहे. गॉलांच्या भाषेत त्याचा अर्थ राजा, आणि आपल्या ‘राजन्’शी त्याचं सख्खं नातं आहे. सीझरच्या ग्रंथात डुम्नोरिक्स, ऑर्जेटोरिक्स अशी खरीखुरी माणसं भेटतात. नातवाला त्याच्या स्वतःच्या नावापुढे ‘रिक्स’ लावून हाक मारा, बघा कसा खुलतो.

गावातल्या लोकांना एकच भीती असते, आभाळ डोक्यावर कोसळण्याची. हेही लेखकाच्या मनचं नाही. सिकंदराकडे सेल्ट लोकांचे वकील आले होते; गॉल हे सेल्टांपैकीच. सर्वांत जास्त कशाला भिता, असं त्यानं विचारलं. आपलं नाव घेतील, अशी त्याची अपेक्षा. ते म्हणाले, कशालाच नाही, आभाळ अंगावर पडलं तरच! सोन्याच्या विळ्यानं ओकच्या झाडावरचं बांडगूळ कापणारा पांढऱ्या झग्यातला पुरोहित रोमन लेखक प्लिनीनं वर्णिलाय. आणि मिशा! सीझरच्याच शतकातला ग्रीक लेखक डायोडोरस सांगतो की, गॉल सरदारांच्या मिशा ओठ झाकतील एवढ्या लांब असतात. जेवताना अन्न त्यांत अडकतं, आणि पेय गाळणीतून गाळावं तसं मिशांमधून पोटात जातं. हे मी वर्गात वाचून दाखवलं की, शेवटच्या बाकापर्यंत हशा पिकायचा.

चूक म्हणावी तर ॲस्टेरिक्सचा मित्र ओबेलिक्स याच्या पाठीवरच्या दगडाची. तसे उभे दगड फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनीत कार्नाकला रांगांनी आहेत, पण ते गॉलांच्याही आधी काही हजार वर्षं उभे झालेत.

आता मूळ प्रश्न. ते गाव नव्हतं. पण त्याच किनाऱ्यावर, त्या काळच्या आर्मोरिकात म्हणजे आजच्या ब्रिटनीत, व्हेनेटी नावाचे दर्यावर्दी लोक होते. इ.स.पू. ५६ मध्ये धान्य मागायला आलेले रोमन अधिकारी त्यांनी अडकवून ठेवले. तुम्ही नेलेले आमचे ओलीस परत द्या, मग तुमची माणसं न्या, असं सीझरचा सरदार क्रॅसस याला कळवलं. केवढी ही हिंमत! त्यांची जहाजं कशी होती, ते सीझरनंच लिहून ठेवलंय. सगळं बांधकाम ओकच्या लाकडाचं. आडव्या तुळयांना अंगठ्याएवढे जाड लोखंडी खिळे. नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळी. तळ सपाट, ओहोटीच्या उथळ पाण्यातही चालेल असा. शिडं कापडाची नव्हे, चामड्याची, कारण तिथल्या वाऱ्यापुढे कापड टिकेल असं व्हेनेटींना वाटत नसावं, असा सीझरचा अंदाज. रोमन गलबतांनी धडक दिली तरी या जहाजांना काही होत नसे, आणि ती इतकी उंच की खालून फेकलेला भालाही नीट पोहोचत नसे.

अशी सुमारे २२० जहाजं बाहेर पडली. रोमनांनी लांब काठ्यांना धारदार आकडे बांधले, शिडाच्या डोलकाठीचे दोर त्यांत अडकवले आणि वल्ही मारून ते तोडले. शिडं खाली आली. उरलेली जहाजं निघून जाऊ पाहत होती, तेवढ्यात वारा पडला. पानही हलेना. वल्ह्यांवर चालणाऱ्या रोमनांना वाऱ्याची गरज नव्हती, यांना होती. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळी जहाजं हातची गेली. नंतर सीझरनं त्यांच्या सभेतल्या सगळ्या प्रमुखांना ठार केलं आणि बाकीच्यांना गुलाम म्हणून विकलं.

हा शेवटही सांगा, आजोबा. दहा वर्षांच्या मुलाला तो झेपतो. एका वर्गात हे ऐकून एक मुलगी म्हणाली होती, ‘बाई, वारा पडायला नको होता.’ मला वाटतं, गोसिनी आणि युदेर्झोंचं जादूचा काढा पिणारं गाव याच किनाऱ्यावर शोभतं. तिथं एकदा वारा पडला होता, तिथल्या माणसांना एवढं जिंकू द्यायलाच हवं. त्या पुस्तकांवर माझं प्रेम आहे ते यासाठी.

नातवाला कागद द्या आणि व्हेनेटींचं जहाज काढायला सांगा. शीड त्यानं पांढरं रंगवलं की तपकिरी, ते मला जरूर कळवा.