2012 ची वॅगनआर आणि 52 हजारांचं एस्टिमेट: दुरुस्त करावी की विकावी?

त्या 52 हजारांतून आधी 25 हजार बाजूला काढा, मग गाडी ठेवायची की काढायची ते बोलू.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी प्रकरण असं आहे. नाशिकच्या सिडकोतल्या एका सदस्याची फेब्रुवारी 2012 ची पेट्रोल वॅगनआर, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेली. मुंबईहून परत येताना कसारा घाटात तापली, बोनेटमधून वाफ, टोइंग करून नाशिकला आणली. गॅरेजवाल्याने हेड गॅसकेट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील) गेल्याचं सांगितलं आणि एस्टिमेट दिलं: हेडचं काम 19 हजार, रेडिएटर आणि वॉटर पंप 8, क्लच 9, चार टायर 16. मुंबई नाक्याकडचा डीलर आहे त्या स्थितीत 45 हजार देतो म्हणतोय. मेव्हण्यांचं म्हणणं, लाखाच्या गाडीवर अर्धा लाख कोण घालतं. वापर वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर, बहुतेक शहरातच. वडिलांना दवाखान्यात नेणं आणि महिन्यातून एखादी कळवणची फेरी.

बाजूला काढायचे 25 हजार म्हणजे टायर आणि क्लच, हा काही घाटातल्या बिघाडाचा खर्च नाही. टायर आज ना उद्या टाकायचेच होते. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात ते बघा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबराला बारीक चिरा पडल्या असतील तर टाकाच, पण चारही आजच टाकले पाहिजेत असं नाही. क्लच चढावर घसरतोय का? घसरत नसेल तर त्याला हात लावू नका. ‘एकदा खोललंच आहे तर करून टाकू’ हे गॅरेजवाल्याचं वाक्य कधी खरं असतं, कधी नसतं. या गाडीत हेड उतरवायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, त्यामुळे क्लच आत्ता केला म्हणून मजुरी वाचणार नाही. उलट टायमिंग चेन, टेन्शनर आणि व्हॉल्व्ह सील या कामात समोरच येतात. ते मात्र आत्ताच बघून घ्यायचे. थर्मोस्टॅट आणि कूलंटचे होजही बदलून टाका.

उरले 27 हजार. या आकड्यावरही माझा अजून विश्वास नाही, कारण हेड न उतरवता दिलेलं एस्टिमेट म्हणजे अंदाज. तुमचं इंजिन 998 सीसीचं, तीन सिलिंडरचं, हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही ॲल्युमिनियमचाच. ॲल्युमिनियम तापलं की वाकतं. किती वाकलं हे लेथवाला सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून सांगतो. हेड थोडं वाकलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, काम होतं. ब्लॉकचा माथा वाकला असेल किंवा हेडला तडा गेला असेल, तर हे एस्टिमेट फाडून टाका, खर्च वेगळ्याच घरात जातो. म्हणून गॅरेजवाल्याशी बोलताना दोन टप्पे ठरवा: आधी हेड उतरवून तपासणी, तेवढीच मजुरी. मोजमाप बघून मगच पुढचं. फेसिंगला हेड जाईल तेव्हा स्वतः सोबत जा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे नाशकात चांगल्या लेथवाल्यांची कमी नाही. हेडचे बोल्ट नवे मागा आणि ते टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळले जातायत ना ते उभं राहून बघा. पान्याने ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणारा मिस्त्री असेल तर तिथून गाडी उचला.

हेड उतरवण्याआधी एक काम जरूर करा: तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. शेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम पडलं असेल तर त्या दोघांच्या मधलं गॅसकेट गेलंय. तिन्ही सारखेच ढिले असतील तर पिस्टनच्या रिंग झिजल्याची शंका घ्या, म्हणजे गॅसकेट बदलून गाडी तरुण होणार नाही. डिपस्टिकही काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. तशा अवस्थेत गाडी किती चालवली हे मिस्त्रीला खरं सांगा, कारण त्यावर बेअरिंगचं भवितव्य ठरतं. आणि घाटाआधी गाडी ऑइल पीत होती का, सकाळी सुरू करताना निळसर धूर यायचा का, हे तुम्हालाच माहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी तापली कशामुळे? एस्टिमेटमध्ये याचं उत्तर नाही. फॅनची मोटर, रिले, थर्मोस्टॅट, रेडिएटरची टोपी, यातलं काहीही असू शकतं. आपल्याकडे कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओततात, त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो. शहरात कळत नाही, कसाऱ्याचा चढ, एसी चालू आणि पाच माणसं बसली की कळतं. कारण न शोधता नवं गॅसकेट टाकलं तर पुढच्या उन्हाळ्यात तेही जाईल.

पण या सगळ्याच्या आधी, म्हणजे गॅरेजवाल्याला होकार देण्याच्याही आधी, पत्रा बघा. माझा नियम सरळ आहे: इंजिन बनतं, पत्रा बनत नाही. गॅरेजमध्येच गाडी रॅम्पवर घ्यायला लावा, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली उभे राहा. दारांखालच्या रनिंग बोर्डला पाणी निघून जायची भोकं असतात, ती चिखलाने बुजली की आतून सड लागते आणि वर रंग शाबूत दिसतो. तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचा. पुढचा लोअर आर्म जिथे बसतो ती जागा, बोनेटखाली शॉकरच्या माथ्याचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, मॅटखालचा फ्लोअर, सगळं बघा. वरवरचा तपकिरी थर चालतो. टोक आत गेलं, पापुद्रे पडले, तर विषय संपला. सस्पेन्शन ज्या पत्र्याला धरून आहे तो वेल्डिंगने जोडलेली गाडी मी घरच्यांसाठी ठेवणार नाही. नाशिकची हवा कोरडी, इथे वाढलेली गाडी सहसा बरी निघते. तुमची सेकंडहँड असेल तर आरसीवर पहिला पासिंग नंबर कुठला ते बघा. एमएच 15, म्हणजे नाशिकचा, असेल तर ठीक, मुंबईत किंवा कोकणात समुद्राजवळ दहा पावसाळे काढलेली असेल तर दुप्पट बारकाईने बघा.

आता मेव्हण्यांचा हिशेब. गाडीची किंमत आणि बिल यांची तुलना डीलरने करायची असते, कारण त्याला ती विकायची आहे. तुम्हाला ती वापरायची आहे, म्हणून तुमची तुलना दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, नव्या स्वस्त झाल्या हे खरं. तरी 4 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 8,300 बसतो. म्हणजे तुमचे 27 हजार हे सव्वातीन हप्ते. आणि 2 लाखांची जुनी घेतली तर तिच्या पोटात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. स्वतःच्या गाडीचं निदान दुखणं तरी माहीत आहे.

यात एक तारीख विसरू नका, फेब्रुवारी 2027. तेव्हा 15 वर्षं पूर्ण होतात आणि पेठ रोडच्या आरटीओत री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, करावं लागेल. एप्रिल 2022 पासून कारची फी 5 हजार आहे, शिवाय पर्यावरण कर. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो, उशीर झाला तर दरमहा 500 दंड. पास झाली की पाच वर्षं मोकळे. (दिल्लीतला 15 वर्षांचा बंदीचा नियम आपल्याकडे नाही, दर आठवड्याला कुणीतरी इथे तो लिहितंच.) आत्ता दुरुस्ती करणं म्हणजे 2032 पर्यंत गाडी ठेवायचं ठरवणं. तशी तयारी असेल तर करा. वर्षभरात काढायचीच असेल तर एक रुपयाही घालू नका, कारण पासिंग जवळ आलं की गिऱ्हाईक भाव पाडतंच आणि बिल वसूल होत नाही.

माझं मत: पत्रा चांगला, ब्लॉक सरळ आणि कॉम्प्रेशन समाधानकारक असेल तर गाडी दुरुस्त करा. तुमच्या वापराला ती पुरून उरेल. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, तेव्हा याच कामात पेट्रोलचे रबरी पाइप बघून घ्या, चिरले असतील तर बदला.

एकाच कारणाने मी मत बदलेन. तुम्ही व्हेरिएंट लिहिलेलं नाही, पण त्या काळातल्या खालच्या व्हेरिएंटना एअरबॅग नाही आणि एबीएसही नाही. कळवणला सावकाश जाऊन येणं वेगळं. मुलांना घेऊन वरचेवर समृद्धीवर किंवा मुंबईला जाणं सुरू होणार असेल, तर हे 27 हजार पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला ठेवा.

विकायची ठरलीच तर डीलरच्या हातात मालकी बदलाचे कोरे फॉर्म 29 आणि 30 सही करून देऊन मोकळे होऊ नका. आरसीवर नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. ट्रान्सफर झालेली ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. आणि 45 हजार हा पहिला भाव आहे, आणखी दोघांना दाखवा.

रॅम्पवरचे फोटो आणि कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे इथे टाका. हेड उतरवायला त्यानंतरच सांगा.