जुनी विनोदी मालिका, नवा ॲक्शनपट : तुम्ही नेमके काय विकत घेतले?

प्रश्न : १९९३ साली दूरदर्शनवर गाजलेल्या एका विनोदी मालिकेवरून मी ॲक्शन चित्रपट करतो आहे. मालिकेतला घाबरट कारकून आमच्या चित्रपटात निवृत्त गुप्तहेर निघतो. मालिकेचे निर्माते आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला पैसे देऊन अडीच वर्षांपूर्वी एका पानाच्या पत्रावर ‘मालिकेचे सर्व हक्क’ घेतले. चित्रीकरण तोंडावर आले असताना मालिकेच्या दिवंगत लेखकाच्या मुलीची वकिलामार्फत नोटीस आली : पंधरा दिवसांत काम थांबवा. आम्ही कथा बदलली, बाजच बदलला. मग त्यांची परवानगी कशाला लागते?

उत्तर : चित्रीकरणाची तारीख पुढे ढकलण्याची मनाची तयारी ठेवा. बाकी सगळे वाचून झाल्यावर तुम्ही तेच विचाराल, म्हणून आधीच सांगितले.

‘सर्व हक्क’ हे शब्द भारदस्त आहेत, पण त्या मुलाच्या हातात होते तेवढेच तो देऊ शकत होता. कॉपीराइट कायदा, १९५७ मालिकेला एक अखंड वस्तू मानत नाही. चित्रित झालेले भाग ही एक कृती, तिचा मालक सहसा निर्माता. कथा, पात्रे, संवाद ही वेगळी साहित्यकृती. कलम १४ मध्ये दोघांच्या हक्कांच्या याद्याही वेगळ्या आहेत. निर्मात्याच्या यादीत चित्रित भागांच्या प्रती काढणे, त्या विकणे, भाड्याने देणे, लोकांपर्यंत पोहोचवणे एवढेच येते. ‘रूपांतर करणे’ आणि ‘त्यावरून चित्रपट बनवणे’ हे हक्क साहित्यकृतीच्या यादीत आहेत. तुम्हाला जुने भाग पुन्हा दाखवायचे नाहीत, त्यातला कारकून हवा आहे. म्हणजे तुम्ही पैसे मोजले एका हक्कासाठी आणि वापरायला निघालात दुसराच.

लेखक निर्मात्याचा पगारी नोकर असेल तर गोष्ट वेगळी. पण मालिकालेखक बहुधा भागागणिक मानधन घेत, आणि अशा लेखकाची संहिता कलम १७ प्रमाणे त्याचीच राहते. सत्यजित राय यांच्या ‘नायक’च्या पटकथेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच म्हटले : चित्रपट निर्मात्याचा असला तरी पटकथेचे पहिले मालक राय. त्यामुळे आता सगळे एका कागदावर अडले आहे, तो म्हणजे त्या वेळचा लेखक-निर्माता करार. तो लेखी आणि सही केलेला हवा, तोंडी बोलीवर कॉपीराइट हस्तांतरित होत नाही. त्यात चित्रपटाचे किंवा रूपांतराचे हक्क लिहून दिलेले असतील तर तुमची बाजू बरीच सावरते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे धरायची, या नियमाचा आधार मुलीला मिळणार नाही. तो १० मे १९९५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतला आहे, त्याआधीच्या करारांना लागत नाही. करार सापडलाच नाही, तर हक्क लेखकाच्या वारसांकडेच आहेत असे समजून चाला. मालिका प्रायोजित होती की दूरदर्शनने स्वतः पैसे देऊन करून घेतली होती, हेही त्या मुलाला विचारा. दुसऱ्या प्रकारात चित्रित भाग त्याच्या वडिलांचे नसून दूरदर्शनचे असण्याचीच शक्यता जास्त.

मालिका जुनी झाली म्हणून हक्क संपत नाहीत. लेखकाचा कॉपीराइट मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो.

आता तुमचा मुख्य मुद्दा : बाज बदलला. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच सांगितले आहे. साधा वाटणारा माणूस मुळात गुप्तहेर निघतो, एवढ्यावर कोणी दावा टिकवू शकणार नाही. पण तुम्हाला कल्पनेपलीकडचे बरेच काही हवे आहे. तेच नाव, तीच लकब, तेच शेजारी, तो तकियाकलाम. प्रेक्षकाने पहिल्याच दृश्यात ‘अरे, हा तर तोच!’ म्हणावे यासाठीच ना हा खटाटोप? ‘दबंग’मधल्या चुलबुल पांडेवरून झालेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मनाई हुकूम नाकारला, पण ठळक, वेगळे पात्र संरक्षणाला पात्र ठरू शकते हे तत्त्व मान्य केले. शिवाय तुमचे स्वतःचेच पत्र तुमच्याविरुद्ध बोलेल. परवानगी लागत नव्हती, तर पैसे कशाचे दिलेत?

उलट बाज बदलणे हाच तुमच्या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग आहे, असे माझे मत आहे. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही लेखकाजवळ एक खास अधिकार उरतो : त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड तो रोखू शकतो. त्याच्या पश्चात वारस तो बजावतात. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरून झालेल्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये लेखिकेचा हा अधिकार चित्रपटाच्या करारापेक्षा वरचढ ठरवला. मुंगीलाही न दुखावणारा कारकून पडद्यावर माणसे मारत सुटला, तर वडिलांच्या नावाला धक्का बसला असे मुलगी म्हणू शकेल. न्यायालयाला ते पटेलच असे नाही, बदल म्हणजे बदनामी नव्हे. पण त्यावर भांडण्याची वेळ चित्रपट तयार झाल्यावर यावी, असे तुम्हाला नक्कीच वाटत नसेल.

तुमच्या पत्राची प्रकृतीही नाजूकच आहे. ते १९९५ नंतरचे, त्यामुळे त्याला हक्क हस्तांतराचे नियम सांगणारे कलम १९ पूर्णपणे लागते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते. मग परदेशात किंवा जगभर चालणाऱ्या ओटीटीवर काय दाखवणार? मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, त्यातली निम्मी गेली. शिवाय वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते रद्द होतात, करारात तसे होणार नाही असे लिहिले असेल तरच वाचतात. पटकथा लिहिणे हाही वापरच, असे आपण म्हणू शकतो. म्हणून पटकथेचे जुने खर्डे, त्यांच्या तारखा, ईमेल, तुमच्या पटकथालेखकाला दिलेल्या पैशांच्या नोंदी आजच एकत्र करा. आणि सही करणारा मुलगा एकटाच वारस होता का? भावंडे असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. हीच चौकशी लेखकाच्या मुलीकडेही करायची आहे.

नोटीस मात्र कपाटात टाकू नका. ती हाती पडली त्या क्षणापासून ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव गेला, आणि कलम ६३ खालचा गुन्हा जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाचाच आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात धावत येणाऱ्या दावेदारांवर न्यायालये नाराज असतात, पण ही बाई चित्रीकरणाआधीच आली. उशिराचा मुद्दा तुम्हाला मिळणार नाही. उत्तर मोजके द्या : कागद तपासत आहोत, हक्क अबाधित ठेवून चर्चेस तयार आहोत. त्यात मालकी कबूल करू नका आणि नाकारूही नका. मुलाखती, पोस्टर, ‘त्या मालिकेवर आधारित’ अशा घोषणा तूर्त बंद.

चर्चेत संहितेवरून चित्रपट करण्याचे हक्क थेट तिच्याकडून घ्या. मुदत, प्रदेश, ओटीटी, पुढचे भाग हे सगळे नाव घेऊन लिहा. नव्या पटकथेचा सारांश करारालाच जोडा आणि कारकुनाचे गुप्तहेर होणे, मारामारी, रक्तपात तिला मान्य असल्याची सही त्यावर घ्या. उद्या कलम ५७ चा प्रश्न आला तर हा सारांश वकिलाच्या युक्तिवादापेक्षा जास्त उपयोगी पडेल. वडिलांचे नाव श्रेयनामावलीत ठळक द्या. अशा वाटाघाटी पैशांपेक्षा मानापमानावर जास्त अडतात.

उरलेले थोडक्यात. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते स्पष्ट केले. ट्रेडमार्कची नोंदणी मात्र तपासा. शीर्षकगीताचे हक्क वेगळे, तिथे गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाची कंपनी असे तिघे असतात. आणि मूळ नटाचा तरुण चेहरा किंवा आवाज एआयने आणायचा विचार असेल तर त्याची लेखी संमती घ्या. अनिल कपूर यांच्या ‘झकास’सकट नाव, चेहरा आणि आवाजाला दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संरक्षण दिले आहे.

हे सगळे जमले नाही तर दुसरा रस्ता आहे : नाव, लकबी, शेजारी, तकियाकलाम सोडून स्वतःचा माणूस उभा करा आणि मालिकेचा उल्लेखही करू नका. तुमचा निवृत्त गुप्तहेर त्या कारकुनाशिवाय उभा राहतो का, हे पटकथा पुन्हा वाचून ठरवा, आणि नोटिशीच्या पंधरा दिवसांतले किती उरले ते मला कळवा.