लेट्रोझोलसोबत दुसरी गोळी कशासाठी?

ताई, आईंचे वय ६४, स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेला, अहवाल ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारा) आणि हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला), आणि डॉक्टरांनी केमो न देता लेट्रोझोल व पाल्बोसिक्लिब एकत्र सुरू केले. यात उपचार कमी तर पडत नाहीत ना, आणि दुसरी गोळी खरोखर लागते का, असे आपण विचारले आहे. माझ्या सासूबाईंनी हीच जोडी नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांकडून तीन वर्षे घेतली, म्हणून सविस्तर लिहिते.

पाळी गेल्यावर बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणे जवळजवळ थांबते, पण चरबीत आणि स्नायूंत अरोमाटेज नावाच्या विकरामुळे ते थोडे थोडे तयार होत राहते व अशा गाठीला तेवढेही पुरते. लेट्रोझोल हा पुरवठा तोडते. मात्र काही काळाने कर्कपेशी त्यावाचूनही वाढू लागतात. त्यांना विभाजनाकडे ढकलणाऱ्या सीडीके ४ आणि ६ या प्रथिनांना पाल्बोसिक्लिब रोखते. पालोमा-२ या चाचणीत पाळी गेलेल्या ६६६ स्त्रिया होत्या. नुसत्या लेट्रोझोलवर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ (निम्म्या स्त्रियांत तो याहून जास्त टिकला) १४.५ महिने होता, जोडीने तो २४.८ महिने झाला. एकूण आयुष्य त्या चाचणीत ठळकपणे वाढले नाही; रायबोसिक्लिब या त्याच गटातल्या गोळीच्या मोनालीसा-२ चाचणीत मात्र ते ५१.४ वरून ६३.९ महिन्यांवर गेले, म्हणून त्या गोळीविषयीही डॉक्टरांना अवश्य विचारा. तिच्यासाठी ईसीजी काढावा लागतो. यकृत किंवा फुप्फुसाचे काम झपाट्याने ढासळत असेल तर केमोचा विचार आधी होतो. आजार हाडांपुरता असताना सहसा नाही. खर्चाचे म्हणाल, तर २०२३ च्या जानेवारीत पाल्बोसिक्लिबचे पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त झाल्या.

आता रक्ताच्या तपासणीबद्दल, कारण आमची चूक तिथे झाली. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी, असे मी देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खुणा करून ठेवले होते. पहिल्याच चक्रात पंधराव्या दिवशी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९०० इतकेच आले, लॅबच्या कागदावर तो आकडा ठळक छापलेला होता, आणि घाबरून आम्ही दोन दिवस गोळी परस्पर बंद ठेवली. डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू करायला सांगून आठवड्याने तपासणी केली. केमोत हाडांच्या मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी मरतात. पाल्बोसिक्लिबने त्यांची वाढ बहुतांशी थबकते आणि सुट्टीच्या आठवड्यात आकडा बहुधा वर येतो. तरीही गोळी थांबवायची की मात्रा कमी करायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

ताप मात्र अंगावर काढू नका. नागपूरच्या मे महिन्यात अंग तापले की ऊन लागले असे समजून आपण पन्हे देतो आणि सकाळची वाट पाहतो. या गोळीवर असताना १००.४ अंशांच्या वर ताप गेला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य आहेत. आपली संत्री त्यांनी खुशाल खावीत. हाडांसाठी झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन सांगितले असेल, तर पहिल्या मात्रेपूर्वी दंतवैद्याकडून दात तपासून घ्या, कारण नंतर दात काढण्याची वेळ आली तर जबड्याच्या हाडाला इजा होण्याचा धोका असतो.