घरचा पडदा : काय लावावं, कसं लावावं

शनिवारी जेवणं आटोपून आम्ही चौघं टीव्हीसमोर बसतो आणि ‘काय लावू?’ यातच पाऊण तास जातो. शेवटी पाहिलेलंच काहीतरी पुन्हा लागतं. यावर उपाय?

निवडायचं काम आणि पाहायचं काम एकाच बैठकीत करू नका. रात्री साडेनऊला मेंदू थकलेला असतो आणि समोर पोस्टरांची भिंत. अशा वेळी माणूस ओळखीचंच उचलतो. दुपारीच तीन नावं काढून ठेवा. बसल्यावर प्रत्येकाला एक नाव बाद करायचा हक्क द्या, मात्र एकदाच. तिन्ही बाद झाली तर सगळ्यांत धाकट्याचं चालेल. ही शेवटची अट ठेवली की मोठी माणसं नकार जपून वापरतात.

लांबी आधी बघा. अकराला झोपायचं असेल तर अडीच तासांचा चित्रपट ‘उरलेला उद्या’वर जातो, आणि तो उद्या सहसा उजाडत नाही. आवडी जुळत नसतील तर ज्याचा पेच पहिल्या दहा मिनिटांत कळतो असा चित्रपट घ्यावा. सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) हा त्यातला सर्वांत खात्रीचा. ९६ मिनिटं, कृष्णधवल, जवळजवळ सगळा एकाच खोलीत. खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा ज्यूरींपैकी (नागरिक पंचांपैकी) अकरा ‘दोषी’ म्हणतात, एकटा नाही म्हणतो. बस, एवढंच. तरी खोली हळूहळू आकसत गेल्यासारखी वाटते. ल्युमेटने पहिल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मग पातळीत आणि शेवटच्या भागात खाली. भिंगंही जास्त जास्त लांब पल्ल्याची वापरत नेली, त्यामुळे भिंती जवळ सरकतात आणि शेवटी छत दिसायला लागतं. पाहताना हे आठवायची गरज नाही, अंगावर येतंच.

आणखी एक : ॲपच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये आपोआप वाजणाऱ्या झलका बंद करता येतात. त्या आवाजाच्या गलक्यात चार माणसांचं एकमत होणं कठीण.

नवा मोठा टीव्ही घेतला. चित्र स्पष्ट आहे, पण चांगले चित्रपटही रोजच्या मालिकेसारखे, गुळगुळीत आणि स्वस्त दिसतात. टीव्ही सदोष आहे का?

टीव्ही ठीक आहे, दुकानातली सेटिंग घरी आली आहेत. चित्रपट सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चित्रित होतात. टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मधली जागा भरायला टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली खोटी चित्रं घुसवतो. त्यातून हालचाल तेल लावल्यासारखी घसरते. खात्री करायची असेल तर एखादं पात्र जाळीसमोरून किंवा खिडकीच्या गजांसमोरून चालत जातं तो प्रसंग लावा. अंगाभोवती पाण्यासारखी थरथरती कडा दिसली की समजावं.

हे बंद करायचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं : सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या संचांत ‘ऑटो मोशन प्लस’), एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. चित्राच्या सेटिंगमध्ये आत, ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘एक्स्पर्ट’ अशा कप्प्यात सापडेल. दोन पट्ट्या असतील तर ‘जडर’वाली (धक्के घालवणारी) शून्यावर आणा; ‘ब्लर’वाली राहिली तरी फार बिघडत नाही.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे ‘फिल्ममेकर मोड’. २०१९ मध्ये जाहीर झालेली ही सोय आता बऱ्याच संचांत असते. ती नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. चित्र पिवळट आणि मंद वाटेल, आणि इथेच बहुतेक जण घाबरून परत फिरतात. दोन-तीन दिवस तसंच ठेवा. पिवळट वाटतं ते मूळ रंगाच्या जवळचं आहे; आधी होतं ते निळसर होतं. ‘शार्पनेस’ही जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी रेघ दिसते. अपवाद सोनीचा : तिथे ५० हा मधला, निर्लेप आकडा आहे, शून्यावर नेलंत तर चित्र धूसर होईल.

आता जिथे हमखास चुकतं ते. ही सेटिंग बहुतेक संचांत साध्या चित्रासाठी वेगळी आणि एचडीआरसाठी (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्रासाठी) वेगळी साठवली जातात, शिवाय प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठीही वेगळी. म्हणून एकदा सगळं बदलल्यावर एचडीआर खूण असलेला चित्रपट लावा आणि तो चालू असतानाच पुन्हा तेच करा. सेट-टॉप बॉक्स वेगळा असेल तर तिसऱ्यांदा.

सगळं बंद केल्यावर, कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा थोडे धक्के जाणवतील. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर २४ चित्रं नीट बसत नाहीत : एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवावं लागतं. १२० हर्ट्झवर प्रत्येक चित्र बरोबर पाचदा येतं, म्हणून तिथे हा त्रास कमी. क्रिकेट पाहताना मात्र गुळगुळीतपणा हवा असेल तर ‘स्पोर्ट्स’ मोडमध्ये तो राहू द्या. सिनेमाच्या मोडमध्ये नको.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी. रिमोट हातातून सुटत नाही. आईला कमी ऐकू येतं, तिला तर काहीच कळत नाही.

दोष सहसा आवाजाच्या वाटणीत असतो. ‘५.१’ ध्वनीत सहा वाटा असतात आणि बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरसाठी ठेवलेलं असतं. टीव्हीत मधला स्पीकर नाही. मग सहाचं मिश्रण दोनांत कोंबलं जातं आणि बोलणं पार्श्वसंगीताखाली दबतं. त्यात टीव्हीचे स्पीकर तळाशी किंवा मागे, भिंतीकडे तोंड करून.

आधी फुकटचे उपाय. चित्रपट चालू करून ध्वनी-भाषेच्या यादीत जा. एकाच भाषेचे दोन पर्याय असतील, एक ‘५.१’ आणि एक नुसता किंवा ‘स्टिरिओ’, तर स्टिरिओ घ्या. मग टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘सराउंड’ नावाचं जे काही असेल ते बंद, ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम चालू. ‘नाइट मोड’ असेल तर तोही लावा. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. चित्रपटगृहाचा दणका जाईल, पण झोपलेलं घर जागं होणार नाही.

एवढ्याने भागलं नाही तर साउंडबार, म्हणजे टीव्हीसमोर ठेवायचा लांबट स्पीकर. घेताना पहिला आकडा बघा : ‘२.१’मध्ये मधली वाट नसते, ‘३.१’मध्ये असते. संवादासाठी पैसे मोजायचे तर त्या तीनासाठी मोजावेत, जमिनीवरच्या मोठ्या वूफरसाठी नव्हे. तो टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्याच खोबणीत जोडा. ब्लूटूथने जोडलात तर आवाज ओठांच्या मागे पडू शकतो. ‘ऑडिओ डिले’ची पट्टी आवाजाला आणखी उशीर लावते, आधी आणू शकत नाही, म्हणून तिच्याशी झटापट करू नका, तार लावा. आणि बार कपाटाच्या खणात आत ढकलून ठेवू नका, कडेपर्यंत पुढे घ्या.

आईंसाठी सबटायटल लावा, त्यात कमीपणा नाही. यादीत ‘सीसी’ किंवा ‘एसडीएच’ असेल तर तेच निवडा : त्यात दारावरची थाप, फोनची घंटा, कोण बोलतंय हेही लिहिलेलं असतं. अक्षरांचा आकार आणि मागची काळी पट्टी बदलता येते. मोठी, पांढरी अक्षरं काळ्या पट्टीवर ठेवा.

मुलं सात आणि दहा वर्षांची. सतत आरडाओरडा असलेली कार्टून सोडून काही बघत नाहीत. काय दाखवावं?

ज्यात मुलाची अडचण मुलाच्याच उंचीची आहे असं काहीतरी. माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७, ८९ मिनिटं) लावा. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात, आणि दोघं एकच जोडी आळीपाळीने घालून शाळेत जातात. सात वर्षांच्या मुलाला यातली धडधड समजावून सांगावी लागत नाही. भाषा फारसी आहे, तेव्हा डब केलेली आवृत्ती नसेल तर पहिली पंधरा मिनिटं सबटायटल तुम्ही वाचून दाखवा. पुढे पळापळ आपलं काम करते. हे जमलं तर अब्बास किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७) घ्या. मित्राची वही चुकून घरी आलेली, आणि ती नेऊन दिली नाही तर त्याला शाळेतून काढणार. हा मात्र संथ आहे. दहा वर्षांच्याला चालेल, सातची उठून जाईल कदाचित, जाऊ द्या.

धाकटीसाठी हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८, ८६ मिनिटं). यात खलनायकच नाही. मुलींची आई रुग्णालयात आहे, एवढं आधी सांगून ठेवा. घरात कुणी आजारी असेल तर तो भाग हळवा करतो.

पहिल्याच रात्री तिन्ही दाखवायचा घाट घालू नका. आणि मध्येच ‘बघितलंस, किती गुणी मुलगा!’ असं तर मुळीच म्हणू नका.

पुरस्कार मिळालेले चित्रपट हौसेने लावतो आणि वीस मिनिटांत डोळा लागतो. आमची अभिरुची कमी पडते का?

अंतर जास्त पडत असेल. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. बरीच दृश्यं लांबून, न हलणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली आहेत. कोपऱ्यात बसलेला पक्षकार, फाइल हाताळणारा कारकून, मागच्या बाकावरची माणसं, सगळं एकाच वेळी चालू असतं आणि कुठे बघायचं ते दिग्दर्शक सांगत नाही. फोनवर किंवा पंधरा फुटांवरच्या टीव्हीवर हे तपशील पुसले जातात. उरतं ते रिकामं दृश्य, मग झोप येणारच. पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसा : ५५ इंची टीव्हीसाठी साधारण साडेपाच ते साडेसात फूट. खुर्ची पुढे ओढा, सोफ्याचा मान ठेवू नका. डोक्यावरचा दिवा बंद, टीव्हीमागे एक मंद पांढरा दिवा चालू.

‘कोर्ट’मध्ये शेवटाकडे न्यायालयातले दिवे मालवले जातात आणि पडदा अंधारतो. संपला असं समजून उठू नका. त्यानंतरचाच भाग चित्रपटाला वेगळं वळण देतो.

जुन्या चित्रपटांत माणसं बुटकी, जाडी दिसतात. शिवाय एकाच चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात, कोणती बघावी?

‘संत तुकाराम’ (१९३६) काय किंवा त्या काळचा कुठलाही चित्रपट काय, चौकट जवळजवळ चौकोनी असते, साधारण ४ : ३. आजचा पडदा १६ : ९. कडेला काळे पट्टे राहणं हेच बरोबर. चित्र ताणून पट्टे घालवले की माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. ‘झूम’ केलं की डोकी आणि पाय कापले जातात. रिमोटवर किंवा सेटिंगमध्ये ‘पिक्चर साइझ’ शोधा आणि ‘ओरिजिनल’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘४ : ३’ करून बघा. तरीही चेहरे रुंद असतील तर फाइलच ताणून चढवलेली आहे. दुसरी प्रत शोधा.

आवृत्त्यांचं म्हणाल तर चित्रपटागणिक उत्तर बदलतं. चॅप्लिनच्या ‘द गोल्ड रश’च्या दोन आहेत : १९२५ची मूक, आणि १९४२ची, जिच्यात मधल्या लिखित पाट्या काढून चॅप्लिनने स्वतः निवेदन घातलं आणि लांबीही कापली. आधी १९२५ची, तीही दुरुस्त केलेल्या प्रतीवरून. ‘ब्लेड रनर’ १९८२चा आहे, पण २००७ची ‘फायनल कट’ बघा. मूळ आवृत्तीतलं नायकाचं निवेदन त्यात नाही. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) तर २०१०च्या पुनर्रचित प्रतीतच बघावा. हरवलेले भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये सापडले, आणि त्याआधीच्या प्रतींत कथा जागोजागी तुटते.

आठ-आठ सीझनच्या मालिकांना वेळ नाही. संपणारी मालिका सुचवा.

‘चेर्नोबिल’ (२०१९) : पाच भाग. चौथ्या भागात कुत्र्यांना मारण्याचे प्रसंग आहेत, सोसणार नसतील तर सावध राहा. ‘द क्वीन्स गँबिट’ (२०२०) : सात भाग, बुद्धिबळ येत नसलं तरी अडत नाही. ‘अ‍ॅडोलसन्स’ (२०२५) : चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलेला, म्हणून भाग अर्ध्यात थांबवू नका, चहा आधी उरका. आणि किश्लोव्स्कींचं ‘डेकालॉग’ : दहा भाग, तासाभराच्या आसपास प्रत्येक, गोष्टी स्वतंत्र. आठवड्याला एक बघा. सलग दोन बघितलेत तर दुसरा वाया जातो.

फोर-केचे पैसे भरूनही रात्री चित्र धूसर का होतं?

नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं, फुल एचडीसाठी ५. वेग खाली आला की ॲप न थांबता चित्राचा दर्जा उतरवतं. वेग फोनवर मोजू नका, टीव्हीतल्याच ॲपमधल्या नेटवर्क चाचणीत मोजा. कमी आला तर टीव्ही २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका. राउटर भिंतीपलीकडे असेल तर सरळ लॅन केबल ओढा.